गोठ्यातलं ऑफिस

मैत्रिणींनो, केनवडहून आम्ही बोलतोय. हातातलं काम थांबवू नका. शेंगा फोडत असाल, गोधडी शिवत असाल, तर ते चालू द्या, फक्त कान इकडे असू द्या.

मागच्या वेळी अंतर्गत कर्जाच्या नोंदींवर बोलणं झालं. आज बोलायचं आहे कामाच्या जागेवर. आपण चार जणी मिळून मसाला कुटतो, हळदीची पाकिटं भरतो, तिथं झाडतं कोण, खुर्चीवर बसतं कोण आणि ऐकलं कोणाचं जातं, यावर. गट पैशावाचून बंद पडतात असं सगळे समजतात. आम्ही गावोगाव बैठकांना जातो, रजिस्टर बघतो. बाई गट सोडून गेली की तिच्या नावापुढं ‘वैयक्तिक कारण’ असं लिहिलेलं असतं. खरं कारण तिच्या चुलीजवळ बसल्यावर कळतं. दोन वर्षं पाकिटं भरली, पण भाव कोण ठरवतं हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. किंवा ती सगळ्यांत शेवटी आलेली, म्हणून भांडी कायम तिच्याच वाट्याला. भांडण नाही, तंटा नाही. बाई एक दिवस येत नाही, मग येतच नाही.

या गोष्टीवर विचार करताना आम्हाला दोन माणसांची हकिकत महत्त्वाची वाटली. दोघांचाही धंदा इंटरनेटवरचा. एक आपल्या मराठवाड्यातला, दुसरा अमेरिकेतला.

बीड जिल्ह्यात सांगवी पाटण नावाचं गाव आहे. बीड म्हटलं की आपल्याला ऊसतोड आठवते. दरवर्षी तिथली हजारो कुटुंबं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. या गावचे दादासाहेब भगत. दहावी झाली, आयटीआय केलं आणि ते पुण्याला गेले. आधी छोटी नोकरी, मग इन्फोसिस या मोठ्या कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये महिना ९ हजार पगाराची. काम काय, तर खोल्या साफ करायच्या, पाहुण्यांना पाणी नेऊन द्यायचं, कोणी सांगेल ते आणून द्यायचं. याला ऑफिस बॉय म्हणतात. माणूस पन्नाशीचा झाला तरी बॉयच!

तिथं ते लोकांना दिवसभर कॉम्प्युटरवर काम करताना बघायचे. हे काम काय असतं, आपल्याला येईल का, असं त्यांनी विचारलं. डिग्रीवाचून नोकरी मिळणार नाही, पण चित्रांचं, डिझाइनचं, अ‍ॅनिमेशनचं काम शिकलास तर तिथं हातातलं कसब बघतात, असं उत्तर मिळालं. मग नोकरी सांभाळून ते शिकले. पुढं मुंबईत, हैदराबादेत डिझाइनची कामं केली. कॉम्प्युटरला आज्ञा द्यायच्या भाषा असतात, त्याही शिकले. मधेच अपघात झाला आणि अंथरुणाला खिळावं लागलं. त्या दिवसांत त्यांनी घरबसल्या डिझाइनचे तयार नमुने करून इंटरनेटवर विकायला सुरुवात केली. पुढं नाइन्थमोशन नावाची स्वतःची कंपनी काढली.

तयार नमुना म्हणजे काय, ते सांगतो. लग्नाची पत्रिका, दुकानाची जाहिरात, सणाच्या शुभेच्छा. रंग, अक्षरं, चित्र आधीच मांडलेलं असतं. आपण फक्त आपलं नाव आणि मजकूर टाकायचा. आपल्या रांगोळीच्या छाप्यासारखं समजा. छापा एकाचा, रांगोळी ज्याची त्याची.

मग २०२० साल आलं. टाळेबंदी लागली, शहरातली माणसं गावाकडं परतली, तसे दादासाहेबही सांगवी पाटणला आले. गावात वीज सारखी जायची. मोबाइलला रेंज मिळायची ती वर डोंगरावर. तिथं एक गुरांचा गोठा होता. त्यांनी मित्रांना सोबत घेतलं आणि त्याच गोठ्यात ऑफिस मांडलं. तिथं बसून डूग्राफिक्स नावाचं काम उभं राहिलं. पत्रिका, पोस्टर, जाहिरात ज्याला त्याला स्वतःच करता यावी, असं ते साधन आहे. २०२४ मध्ये शार्क टँक इंडिया या टीव्ही कार्यक्रमात बोट कंपनीचे अमन गुप्ता यांनी त्यांना १ कोटी रुपये द्यायचं कबूल केलं, कंपनीचा १० टक्के हिस्सा घेऊन. म्हणजे सगळ्या कंपनीची किंमत १० कोटी धरली. व्यवहार कसा असतो ते कळावं म्हणून हे सांगितलं. हे कर्ज नव्हे. याला हप्ता नाही, पण भागीदार घरात आला.

ही हकिकत सगळीकडं ‘गरिबीतून वर आलेला मुलगा’ म्हणून सांगतात. आम्हाला त्यातली दुसरी बाजू मोलाची वाटते. ज्या माणसानं दुसऱ्याच्या ऑफिसात पाण्याचे ग्लास भरले, त्यानं स्वतःचं ऑफिस मांडताना काचेची इमारत शोधत वेळ घालवला नाही. माणसं होती, रेंज होती, डोक्यावर छप्पर होतं, एवढं पुरलं. आपल्याकडं उलटं चालतं. शेड मंजूर होईल, मग यंत्र येईल, मग उद्घाटन होईल, मग काम. तोवर तीन उन्हाळे जातात.

एक मात्र बोललंच पाहिजे. ही गोष्ट आम्ही गावातल्या मुलींना सांगितली, तेव्हा एकीनं लगेच विचारलं, त्यांना डोंगरावरच्या गोठ्यात रात्री बसू दिलं, मला बसू द्याल का? बसलेल्या सगळ्या आया गप्प झाल्या. मुलीचं काय चुकलं? कसब तिच्याकडंही आहे, मोबाइलही आहे. तिला हवी आहे ती जागा, जिथं बसलं तर कोणी नाव ठेवणार नाही. अशी जागा दुसरं कोणी देणार नाही, ती गटानंच द्यायची आहे. आठवड्यातून एकदा बैठकीला उघडणारी आपली खोली बाकीचे सहा दिवस कुलपातच असते ना?

तर जागा झाली. पण जागा एकदा मांडली की मांडली. आत एकमेकींशी वागायचं मात्र रोज असतं. त्यासाठी दुसरा माणूस सांगतो, टोनी शे.

यांचे आईवडील तैवानहून अमेरिकेत गेलेले. नऊ वर्षांचे असताना या मुलानं गांडुळं पाळून विकायचं ठरवलं. गांडूळखताचे बेड आपण केलेत, तेव्हा तुम्हाला हसू येईल. गांडुळं निघून गेली, धंदा बुडाला. पुढं मोठेपणी त्यांनी जाहिरातींची एक इंटरनेट कंपनी काढली आणि १९९८ मध्ये ती मायक्रोसॉफ्टला २६ कोटी डॉलरच्या वर विकली. का विकली? त्यांनीच पुढं सांगितलं की सकाळी उठून आपल्याच ऑफिसात जावंसं वाटेना. माणसं वाढली आणि सोबतीनं काम करायची गोडी गेली.

म्हणून झॅपोस या कंपनीत त्यांनी आधी माणसांकडं बघितलं. झॅपोस इंटरनेटवर चपला-बूट विकायची. तिथं नवीन माणूस वकील असो की हिशोबनीस, आधी चार आठवड्यांच्या शिकवणीत त्यानं गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे. त्याच शिकवणीत एक अजब गोष्ट विचारायचे: इथं मन लागत नसेल तर आत्ता सोडा, झालेल्या दिवसांचा पगार घ्या आणि वर आणखी पैसेही घ्या. सुरुवातीला १०० डॉलर द्यायचे, नंतर ते २,००० पर्यंत नेले. बहुतेक जण पैसे नाकारून राहायचे. राहिलेला माणूस स्वतः ठरवून राहिलेला असायचा. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉननं ही कंपनी घेतली, तेव्हा सौद्याचा आकडा एक अब्ज डॉलरच्या वर होता.

सगळंच गोड झालं असं नाही. पुढं शे यांनी कंपनीतली साहेबपदंच काढून टाकली. सगळे सारखे, कोणी कोणाचा वरिष्ठ नाही. पटत नसेल त्यांनी पैसे घेऊन जावं, असं २०१५ मध्ये सांगितलं, तेव्हा शंभरातले चौदा एका झटक्यात निघून गेले. आम्हाला यात नवल वाटलं नाही. अध्यक्ष, सचिव नसलेला गट चालवून बघा. सही कोण करणार, बँकेत कोण जाणार, यावरच बैठक संपते. पदं हवीत, फक्त ती फिरती हवीत. शे यांचा शेवट वाईट झाला. दारू आणि नशेनं शेवटच्या वर्षात त्यांना घेरलं होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये एका घराला लागलेल्या आगीनंतर वयाच्या ४६ व्या वर्षी ते गेले. हजारो माणसांना कामावर आनंद मिळावा म्हणून धडपडलेला माणूस स्वतः इतका एकटा पडला, हे वाचून आम्ही बराच वेळ बोललो नाही.

त्यांचं सगळं आपल्याला घेता येणार नाही. जाणाऱ्या बाईला वरून पैसे द्यायला आपल्याकडं आहेत कुठं? पण तिची बचत तर तिचीच आहे. ती मिळवायला तिला चार खेपा घालाव्या लागतात, पाचव्यांदा नवरा येऊन ओरडतो, असं होऊ नये. जी जाते, तिचा हिशोब पुढच्या बैठकीतच पुरा करावा, आणि दोघींनी तिच्या घरी जाऊन का गेली ते विचारून यावं. आलेलं उत्तर रजिस्टरात तिच्या शब्दांत लिहावं. ‘वैयक्तिक कारण’ हे दोन शब्द आम्ही आमच्याकडं बंद करतोय.

दुसरं, हळदीच्या कामाला येणाऱ्या नवीन बाईला पहिल्या आठवड्यात चारही कामं दाखवायची: निवडणं, दळण, वजन आणि विक्रीची वही. पाकिटाचा भाव कसा निघाला, तेही तिच्यासमोर मांडायचं. कच्च्या हळदीचे किती, दळणाचे किती, पिशवीचे किती, मजुरीचे किती. आठवड्यानं तिला विचारायचं, राहणार का. नाही म्हणाली तर राग धरायचा नाही. झाडण्याची पाळी अध्यक्षांपासून सुरू करायची. पाळीचा कागद भिंतीवर लावायचा, म्हणजे आठवण कोणी करून द्यावी लागत नाही.

खोलीची एक किल्ली आम्ही शिकणाऱ्या मुलींकडं देतोय. संध्याकाळी पाच ते आठ, आणि रोज गटातली एक बाई सोबतीला. पाकिटाचं लेबल त्याच मोबाइलवर करणार आहेत. लेबलवर वजन, तारीख, किंमत आणि अन्न परवान्याचा नंबर विसरू नका, असं त्यांना बजावलं आहे. रंग त्यांना हवा तो घेऊ दे.

तुमच्या गावात खोलीची किल्ली कोणाकडं असते, ते पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीत सांगा. येताना हजेरीचं रजिस्टर आणायला विसरू नका. नमस्कार.