हात वर करण्यापूर्वी



व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या रांगेत बसून ऐकावे, ही आजवरची वहिवाट. आम्ही शाळा सोडली ती सातवीत. पुढचे शिक्षण कारखान्याच्या गेटवर आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा चित्रपटकलेची मीमांसा आमच्याकडून होणार नाही. ज्या तीन चित्रपटांनी आमची झोप उडवली, ते आपणही पाहावेत, एवढीच विनंती करण्यास आम्ही उभे आहोत.

पहिला इटलीचा, व्हित्तोरिओ द सिका यांचा १९४८ सालचा ‘बायसिकल थीव्ह्ज’. रोममधल्या बेकार माणसाला काम मिळते, पण सायकल असेल तरच. घरातल्या चादरी गहाण टाकून तो गहाण पडलेली सायकल सोडवतो आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीस जाते. नायकाची भूमिका करणारा गडी खरोखरीचा कारखान्यातला कामगार होता. १९५२ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा ज़मीन’वर त्याची छाप स्पष्ट दिसते.

दुसरा आपल्या घरचा, चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ चा ‘कोर्ट’. गटारात एक सफाई कामगार मरतो आणि गुन्हेगार म्हणून उभा केला जातो एक शाहीर! त्याच्या गाण्याने कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप. कोर्टाच्या तारखा पडत राहतात, त्यातच सारे आले.

तिसऱ्यासाठी मात्र आम्ही मुद्दाम आलो आहोत. बेल्जियमच्या ज्याँ-पिएर आणि ल्युक दार्देन या बंधूंचा ‘टू डेज, वन नाइट’, सालही २०१४ च. कारखाना लहान, युनियन नाही. सांद्रा नावाची कामगार बाई मनाच्या आजारातून उठून कामावर येऊ पाहते. मालक तिच्या सोळा सोबत्यांना सांगतो, एक हजार युरोचा बोनस घ्या किंवा सांद्राला कामावर ठेवा. सोमवारी गुप्त मतदान. मधल्या शनिवार-रविवारी ती एकेकाच्या दारी जाते. कोणी घरात असून नाही म्हणवतो. कोणी म्हणतो, बोनसवाचून आमचे भागत नाही. आणि ते खोटेही नसते. एकाला तिने कधीकाळी सांभाळून घेतलेले असते. तिला पाहताच तो रडू लागतो. एक मुदतीच्या कराराचा कामगार आहे. मत तिला द्यावे असे त्याला वाटते, पण आपला करार पुढे चालणार नाही ही धास्ती.

आता आमचे सांगतो. वीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमच्यापुढेही असाच कागद आला होता. कायम कामगारांना पगारवाढ, आणि हंगामी कामगारांना रजा. गेटमीटिंगमध्ये हात वर करून ठराव झाला. आमचाही हात वर होता. आम्ही पेढे वाटले, विजय म्हणून भाषण केले. त्या हंगामी पोरांपैकी एकाच्याही घरी आम्ही गेलो नाही. कित्येक वर्षे तो करार आम्ही अभिमानाने सांगत आलो.

या चित्रपटाच्या शेवटी मालक सांद्रापुढे एक प्रस्ताव ठेवतो. तिचे उत्तर सांगून आपला रस घालवणार नाही. ते ऐकले तेव्हा आम्हाला आमचा तो वर गेलेला हात आठवला, एवढेच सांगतो.

मंडळी, मालक दोन्ही ताटे समोर ठेवतो आणि निवड आपल्यावर सोडतो, तेव्हा ही दोनच ताटे का, हे आधी विचारायचे असते. आम्ही ते विचारले नव्हते. हा चित्रपट एकट्याने पाहू नका. ज्यांच्याबरोबर काम करता त्यांना घेऊन पाहा आणि संपल्यावर अर्धा तास तिथेच बसून बोला. पुढच्या वेळी हात वर करण्यापूर्वी तो अर्धा तास उपयोगी पडेल.