थाळनेर ते बुऱ्हाणपूर: मशीद पाहायला शिकताना

परदेशात स्थिरावलेला खानदेशी माणूस इस्तंबूल हौसेनं पाहतो, कोर्दोबालाही जाऊन येतो. थाळनेरला मात्र त्याचं पाऊल सहसा पडत नाही. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात, तापीकाठी, खानदेशावर राज्य केलेल्या फारुकी राजांचे मकबरे उभे आहेत. घराण्याचा संस्थापक मलिक राजा 1399 मध्ये इथेच दफन झाला. या मकबऱ्यांची धाटणी मांडूच्या, माळव्याचा सुलतान होशंगशहाच्या मकबऱ्याची, पण नक्कल हुबेहूब नाही. इथल्या कारागिरांनी घुमटाखाली अष्टकोनी बैठक घालून तो उंच उचलला, छज्जे ठसठशीत केले. एक मकबरा तर अख्खाच अष्टकोनी. मांडूवर पुस्तकं निघाली. थाळनेरची बोळवण परिच्छेदावर झाली, हा अन्यायच.

मकबऱ्यानंतर मशीद. त्यासाठी भुसावळहून रेल्वेनं बुऱ्हाणपूर गाठावं. आज ते मध्य प्रदेशात असलं तरी फारुकींची राजधानी तेच.

मशिदीचा नकाशा नमाजाच्या रांगेतून निघतो. भारतातून मक्का पश्चिमेकडे, म्हणून त्या बाजूची भिंत महत्त्वाची. तिच्यातला कोनाडा, म्हणजे मिहराब, दिशा दाखवतो. लांब रांगा मावाव्यात म्हणून दालन रुंद असतं, खोली मात्र बेताची. पुढे अंगण, वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी, हौद. घुमटावाचून काही अडत नाही.

याचा दाखला म्हणजे फारुकी सुलतान राजा अली खानानं बांधलेली बुऱ्हाणपूरची जामा मशीद. दर्शनी बाजूला पंधरा कमानी, दोन टोकांना दोन उंच मिनार आणि दालनावर घुमटच नाही! तरी दरारा कमी होत नाही, कारण कमानींची ओळच तो भार उचलते.

आत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही आहे. त्यात फारुकींची वंशावळ आहे आणि काळ दिला आहे तो शके 1511, पौष शुद्ध एकादशी, सोमवार, म्हणजे जानेवारी 1590. मशिदीच्या बांधकामाची मिती पंचांगातली! सुलतानाला यात काही वावगं वाटलं नाही. पुढे 1601 मध्ये अकबरानं फारुकींचा असीरगड किल्ला घेतला आणि त्यांचं राज्य संपलं.

पुढच्या सुट्टीत जळगावला आलात, की अजिंठ्याच्या बेतात बुऱ्हाणपूरसाठी एक दिवस राखून ठेवा. नमाजाची वेळ टाळा, चपला बाहेर काढा आणि मिनारांकडे मान वर करण्याआधी तो संस्कृत लेख शोधा.