घर हीच पहिली शाळा
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या मातापित्यांच्या सभेंत वाचलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं दोन शब्द बोलण्याची आज्ञा आम्हां पतिपत्नींस झाली आहे. आम्ही विद्वान नव्हे, वक्तेही नव्हे. सात लेकरांचें घर चालवितांना व त्यांस घरींच शिकवितांना जें साधलें आणि जें हातून चुकलें, तेवढेंच आपणांपुढें ठेवणार आहों. यशाची कथा ऐकण्यास गोड लागते. परंतु प्रपंच करणाऱ्यास चुकीची कथाच अधिक उपयोगीं पडते, असा आमचा अनुभव आहे.

घरांतील शाळा आपणां वसईकरांस नवी नाहीं. इ. स. १७३९ मध्यें वसईचा किल्ला मराठ्यांच्या हातीं आला व युरोपीय धर्मगुरु येथून निघून गेले. मागें राहिलेल्या मूठभर एतद्देशीय धर्मगुरूंवर सगळ्या गांवांचा भार पडला. त्या काळीं लेकरांस क्रुसाची खूण करावयास शिकविणारें, प्रार्थना मुखोद्गत करून देणारें घराशिवाय दुसरें कोण होतें? आज आपण महोत्सव साजरा करीत आहों, त्याच्या पायांतील पुष्कळशा चिऱ्यांवर नांवें नाहींत. ते चिरे आपल्या आज्या-पणज्यांनीं बसविलेले आहेत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं शिक्षणाविषयीं जें घोषणापत्र काढिलें, त्यांत आईबाप हे मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक होत, असें स्पष्ट सांगितलें आहे. त्याच ठिकाणीं असेंही सांगितलें आहे कीं, हें कार्य पार पाडण्यास कुटुंबाला सर्व समाजाचें साह्य हवें. आम्हीं पहिलें वाक्य मोठ्या आनंदानें उचललें. दुसऱ्याकडे मात्र आमचें दुर्लक्ष झालें. त्याचें फळ पुढें मिळावयाचें होतें.

मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळांचीं दारें बंद झालीं, आणि धाकट्या वर्गांचीं तर दीड वर्षाहून अधिक काळ उघडलीं नाहींत. घरांत शिकणारीं मुलें सात आणि भ्रमणध्वनि एक! कोणाचा वर्ग ऐकावा व कोणाचा सोडावा? शेवटीं आम्हीं पुस्तकें जेवणाच्या मेजावर मांडलीं आणि स्वतःच शिकवूं लागलों. शाळा उघडल्यावरही, कांहीं हौसेनें व कांहीं अभिमानानें, आणखी कांहीं वर्षें तोच क्रम चालू ठेविला.

आमचा दिवस सकाळीं सहाच्या प्रार्थनेनें सुरू होई. सात वर्ग निरनिराळे घेणें अशक्य, म्हणून मुलांचे तीन गट केले. इतिहास, भूगोल व धर्मशिक्षण सर्वांस एकत्र. मोठ्यांनीं तोच धडा स्वतःच्या शब्दांत लिहावा, मधल्यांनीं सांगावा, धाकट्यांनीं त्याचें चित्र काढावें. गणित व भाषा मात्र प्रत्येकाच्या पायरीप्रमाणें. सायंकाळीं रोझरीनंतर अर्धा तास मोठ्यानें वाचन होई. आजी ऐकावयास बसे, आणि वाचणाऱ्याचा उच्चार चुकला कीं तीच प्रथम टोके.

स्वयंपाकघर ही आमची दुसरी वर्गखोली. "चार माणसांस पाऊण वाटी डाळ लागते, तर दहा माणसांस किती?" हें त्रैराशिक फळ्यावर मांडलें तेव्हां मधल्या मुलाच्या डोक्यांत शिरेना, डाळ मोजून दाखवितांच तो आपण होऊन म्हणाला, "दोन वाट्यांस किंचित् कमी!" पायलीचे शेर चार, हें आजीनें शिकविलें, किलो व ग्रॅम आम्हीं शिकविले. बाजाराची वही मुलांनींच लिहावी असा नियम होता. एकदां चार महिन्यांची बेरीज करून त्यांनींच आमच्यापुढें ठेविली: तयार खाऊच्या पाकिटांवर गेलेल्या पैशांत शेंगदाणे व गूळ यांचे लाडू किती झाले असते! त्यानंतर पाकिटें मागण्याचें बंद झालें. आम्हांस उपदेश करावा लागला नाहीं.

काटकसर म्हणजे उपासमार नव्हे, ही गोष्ट भगिनींनीं ध्यानांत ठेवावी. वाढत्या मुलांच्या अन्नांत जी वाण पडते ती पुढें भरून निघणें कठीण. परंतु पौष्टिक अन्न नेहमीं महागच असतें, असें नाहीं. तांदुळांत जें प्रथिन कमी असतें तें डाळींत असतें, आणि डाळींत जें उणें तें तांदूळ पुरवितो. म्हणून आपला साधा वरणभात हा शहाण्यांनीं ठरविलेला जोडा आहे. कुळीथ शिजविले कीं पाण्याचें कळण होतें व दाण्यांची उसळ. एका आंचेवर दोन पदार्थ. कडधान्य रात्रीं भिजत घातल्यास सरपण वाचतें, आणि मोड आल्यास तें पोटासही हलकें पडतें. शेवग्याचा पाला, केळफूल, फणसाच्या आठळ्या, परसांतलें अळू, हीं आपल्या वाडीचीं दानें होत. १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांची मासेमारी बंद असते व ताजी मासळी महागते. म्हणून उन्हाळ्यांतच सुकट व बोंबील घेऊन, कडकडीत ऊन दाखवून, डबे भरून ठेवावे.

येथपर्यंत ऐकून आपणांस वाटेल कीं, या घरांत सर्व सुरळीत होतें. आम्हांसही तसेंच वाटत होतें.

आमच्या थोरल्या मुलीनें मुक्त विद्यालयाच्या राष्ट्रीय संस्थेमार्फत दहावीची परीक्षा दिली. निकाल लागला, ती गणितांत नापास झाली. आम्ही रागावलों. तिनें एक शब्द उच्चारला नाहीं. आपली गणिताची वही आणून आमच्यापुढें ठेविली. तिचीं पुढचीं सर्व पानें कोरीं होतीं. मग धाकट्या भावंडांच्या वह्या काढल्या. त्या भरलेल्या होत्या, आणि प्रत्येक उत्तराखालीं तपासल्याची खूण तिच्याच हाताची होती. भाकऱ्या तिनें भाजल्या, बाळाला तिनें निजविलें, उजळणी तिनें घेतली; आणि आम्ही सर्वांस सांगत होतों कीं, आम्ही मुलांस शिकवितों! त्या रात्रीं आम्हां दोघांस झोंप आली नाहीं.

आम्ही मनाशीं संत लुई व झेली मार्टिन या दांपत्याचें उदाहरण धरून चाललों होतों. १८ ऑक्टोबर २०१५ रोजीं संतपदास चढविलेलें हें जोडपें. त्यांस नऊ अपत्यें झालीं. त्यांतील चार लहानपणींच गेलीं व पांच मुली धर्मभगिनी झाल्या. धाकटी तेरेजा हिला आरंभीं घरीं थोरल्या बहिणींनीं शिकविलें, हें वाचून आम्हांस मोठें समाधान वाटे. परंतु त्या थोरल्या बहिणींस आईबापांनीं प्रथम ल मां येथील मठाच्या शाळेंत ठेवून शिकविलें होतें, ही गोष्ट आम्हीं सोयीस्करपणें वगळली होती. स्वतःचा दिवा पेटल्यावर त्यांनीं दुसऱ्याचा पेटविला. आम्हीं आमच्या लेकीचें तेलच ओतून घेतलें.

तेव्हांपासून घराची घडी बदलली. पहाटे पांच ते सात हा वेळ थोरलीचा. त्या वेळांत तिला कोणीं हांक मारावयाची नाहीं. भाकऱ्या, भांडीं व केर यांच्या पाळ्या लागल्या, आणि मुलगे त्यांतून सुटले नाहींत. वडील तर मुळींच नाहींत. गणितासाठीं धर्मग्रामांतील एका निवृत्त शिक्षकांकडे आम्ही संकोच सोडून गेलों. "आधीं कां आला नाहीं?" एवढेंच त्यांनीं विचारलें. या संस्थेंत उत्तीर्ण विषयांचे गुण जमा राहतात व पांच वर्षांत नऊ वेळां परीक्षेस बसतां येतें. मुलगी पुढच्या खेपेस उत्तीर्ण झाली. धाकट्या भावंडांस आम्हीं पुन्हां शाळेंत घातलें. सकाळची प्रार्थना, सायंकाळचें वाचन व बाजाराची वही मात्र अजून चालू आहे.

ज्यांस सर्व शिक्षण घरींच द्यावयाचें आहे, त्यांस आमचें नम्र सांगणें असें: २००९ च्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या मुलांस शिक्षण मोफत व सक्तीचें झालें आहे, त्यांत घरगुती शाळेसाठीं वेगळी तरतूद नाहीं. तेव्हां पूर्ण विचार करून, जाणत्यांस विचारूनच पाऊल टाकावें. आणि ज्यांचीं मुलें शाळेंत जातात, त्यांनींही घराची शाळा बंद ठेवूं नये. फी भरली म्हणजे आईबापांचें कर्तव्य संपत नाहीं.

शेवटीं एकच विनंति. आज घरीं गेल्यावर आपल्या थोरल्या मुलीची वही उघडून पहा. तिच्या सद्गुणांची स्तुति आपण सर्वच करितों. परंतु त्या स्तुतीच्या आड तिचीं पानें कोरीं राहूं नयेत. नाझरेथच्या पवित्र कुटुंबाचा आशीर्वाद आपल्या सर्व घरांवर राहो, हीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.