दिसले म्हणजे काय दिसले?



गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला निरोप पाठवला, "सर, शनिवारी रात्री आमची मोहीम आहे. बघायला या." मोहीम म्हटल्यावर मला वाटले, कुठल्या तरी गडावर जायचे असणार. म्हणून मी पायांत जाड बूट घालून, हातात विजेरी घेऊन त्याच्या घरी गेलो. पाहतो तो स्वारी कानाला हेडफोन चढवून संगणकासमोर बसलेली! मोहीम होती ती विमानांची, आणि तीसुद्धा घरबसल्या. पण त्या रात्री मी जे पाहिले आणि विशेष म्हणजे जे ऐकले, त्यातून भाषेचा एक धडा शिकलो. आयुष्यभर भाषा शिकवूनही तो धडा मला नीट उमगला नव्हता. तोच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम ही विमाने कसली ते सांगतो. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवर बसून विमान चालवल्याचा हुबेहूब अनुभव देणारे यंत्र. ही कल्पना काही आजची नव्हे. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा एक तरुण होता. त्याच्या वडिलांचा ऑर्गन वाद्ये बनवण्याचा कारखाना होता. आपल्या पेटीला भाता असतो ना, तसलेच हवेचे भाते वापरून त्याने 1929 साली एक लुटुपुटीचे विमान तयार केले. आत बसून दांडा हलवला की ते झुके, वळे. आरंभी लोकांनी ते जत्रेतले खेळणे समजून सोडून दिले. पुढे 1934 साली टपाल वाहणारी विमाने वाईट हवामानात एकामागून एक कोसळू लागली, तेव्हा अमेरिकेच्या सैन्याने ती यंत्रे विकत घेतली, आणि दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक त्यांवर तयार झाले. आज तेच काम घरातला संगणक करतो. माझा विद्यार्थी आणि त्याचे मित्र 'डीसीएस वर्ल्ड' नावाचा कार्यक्रम वापरतात. त्यात विमानातले जवळजवळ प्रत्येक बटण खऱ्यासारखे काम करते. नुसते विमान सुरू करायला शिकण्यातच आठवडा जातो.

आता त्या रात्रीची मोहीम कोणती? तिला म्हणतात निकट हवाई साहाय्य. जमिनीवर आपले सैनिक शत्रूशी भिडलेले आहेत, दोघांमध्ये अंतर थोडे आहे, आणि अशा वेळी आकाशातून विमानाने येऊन शत्रूवर मारा करायचा. मात्र आपल्या माणसाच्या केसालाही धक्का लागता कामा नये. हे किती अवघड आहे ते पाहा. या मोहिमेत ए-10 नावाचे अमेरिकन विमान होते. मारा करताना ते एका सेकंदात सुमारे दीडशे मीटर पुढे सरकते. म्हणजे तुम्ही 'एक' म्हणेपर्यंत एक अख्खे शेत मागे पडले. त्याची तोफ मिनिटाला सुमारे 3,900 गोळे फेकण्याच्या वेगाने चालते, आणि विमानात असतात साधारण साडेअकराशे. म्हणजे अखंड चालवली तर अठरा सेकंदांत सारा साठा संपला! इतक्या वेगात वैमानिकाला खालचा मनुष्य आपला की परका हे कसे कळावे? ते त्याला कोणीतरी सांगावे लागते, आणि सांगायचे साधन एकच. शब्द.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. 1971 सालच्या डिसेंबरात राजस्थानच्या वाळवंटात लोंगेवाला चौकीवर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या तुकडीने पाकिस्तानी रणगाड्यांसमोर रात्र काढली. जैसलमेरला आपली हंटर विमाने होती, पण रात्रीच्या अंधारात मारा करण्याची सोय त्यांच्यात नव्हती. 5 डिसेंबरला उजाडताच ती आली आणि रणगाड्यांचा त्यांनी फडशा पाडला. हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्या वेळी 'कृषक' नावाच्या एका छोट्या, हळू उडणाऱ्या विमानातून मेजर आत्मासिंग हंटरच्या वैमानिकांना लक्ष्य दाखवत होते, हे फारसे कोणी सांगत नाही. मारणारा हात दिसतो. दाखवणारे बोट विसरले जाते.

तर आपल्या मोहिमेकडे येऊ. खेळणारे सहा जण होते. कोणी नाशिकचा, कोणी कोल्हापूरचा, कोणी पुण्याचा, तर एक दुबईला नोकरी करणारा. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणून वेळ ठरवण्यापासूनच कसरत. लग्नाचा मुहूर्त परवडला! माझ्या विद्यार्थ्याने तीन संध्याकाळी खपून मोहिमेचा नकाशा मांडला होता. प्रदेश जॉर्जिया देशातला, काकेशस पर्वताच्या पायथ्याचा. विमाने कुताइसीच्या तळावरून उडायची आणि इंगुरी नदीकाठी अडकलेल्या आपल्या गाड्यांना मदत करायची. चौघे वैमानिक, दोघादोघांची जोडी. एक जोडी दहा हजार फुटांवर, दुसरी बारा हजारांवर, म्हणजे आपसांत टक्कर नको. पाचवा, दुबईचा, जमिनीवरचा मार्गदर्शक. त्याला ही मुले 'टेहळ्या' म्हणतात. सहावा माझा विद्यार्थी, सारा खेळ चालवणारा सूत्रधार.

उड्डाणाआधी अर्धा तास केवळ बोलणे झाले. कोण कुठे, कोणत्या रेडिओ लहरीवर कोण बोलणार, इंधन किती उरले की परत फिरायचे, एखाद्याचा संपर्क तुटला तर काय करायचे. मी मनात म्हटले, ही मुले कॉलेजात माझ्या तासाला इतकी सावध असती तर!

मग टेहळ्याने वैमानिकाला लक्ष्य सांगायला घेतले. त्याची ठरलेली नऊ कलमे असतात, आणि ती नेहमी त्याच क्रमाने सांगायची. कोणत्या खुणेपासून निघायचे, कोणत्या दिशेने, किती अंतर, लक्ष्य समुद्रसपाटीपासून किती उंच, लक्ष्य काय आहे, कुठे आहे, त्याची खूण कशाने केली आहे, आपली माणसे कुठे आहेत, आणि काम झाल्यावर कोणीकडून निघून जायचे. यांतली लक्ष्याची उंची आणि जागा वैमानिकाने उलट म्हणून दाखवायची. नुसते "समजले" म्हणून सुटका नाही. त्यानंतर खाली पाहून खुणा पटवायच्या, त्या मोठ्याकडून लहानाकडे. आधी नदी, मग नदीचे वळण, मग वळणावरचा पूल, मग पुलापलीकडची झाडांची रांग. अखेर वैमानिक सांगतो, "मी अमुक दिशेने येत आहे," आणि टेहळ्याने मोकळीक दिली तरच तोफेच्या बटणावर बोट.

इथपर्यंत सगळे ठीक चालले होते. टेहळ्या म्हणाला, "पूल दिसला? पुलाच्या उत्तरेला झाडांच्या कडेला चार गाड्या आहेत बघ." कोल्हापूरचा वैमानिक उत्साहाने ओरडला, "दिसल्या, दिसल्या!" टेहळ्याने मोकळीक दिली. विमान झेपावले. दोन सेकंद तोफ घरघरली. पडद्यावर धुराचे लोट उठले, आणि माझ्या विद्यार्थ्याने कपाळाला हात लावला.

त्या गाड्या पुलाच्या दक्षिणेच्या होत्या. आपल्या होत्या.

श्रोतेहो, तिथे कोणी मेले नव्हते. पडद्यावरची रंगीत चित्रे ती. तरी सहा ठिकाणची सहा माणसे गप्प झाली. मला वाटले होते, कोणीतरी हसेल. कोणी हसले नाही. थोड्या वेळाने तो कोल्हापूरचा मुलगा हलक्या आवाजात म्हणाला, "माझ्याकडून झालं ते." सूत्रधार म्हणाला, "सगळे वर या. तोफा बंद करा. आज एवढंच."

त्यानंतर झाली झाडाझडती. सगळे बोलणे मुद्रित झाले होते. ते पुन्हा लावले. चुका तीन निघाल्या. पहिली, वैमानिक म्हणाला "दिसल्या". पण काय दिसले ते म्हणाला नाही. दुसरी, टेहळ्याने ते विचारले नाही. त्याला हवे ते उत्तर आले, आणि हवे ते उत्तर आले की आपण पुढे विचारत नाही. तिसरी सर्वांत बोचरी. जोडीतला दुसरा वैमानिक, नाशिकचा नवखा मुलगा, म्हणाला, "मला शंका आली होती. पण दादा एवढा जुना खेळाडू, म्हटलं मी कशाला मध्ये बोलू?"

हा खेळ आहे म्हणून सोडून देऊ नका. 5 डिसेंबर 2001 रोजी, लोंगेवालाच्या त्या सकाळीनंतर बरोबर तीस वर्षांनी, अफगाणिस्तानात कंदाहारच्या उत्तरेला बी-52 विमानाने टाकलेला सुमारे नऊशे किलोचा बॉम्ब अमेरिकेच्याच सैनिकांवर पडला. तीन अमेरिकन सैनिक आणि त्यांचे कित्येक अफगाण सोबती ठार झाले. पुढे अफगाणिस्तानचे अध्यक्ष झालेले हमीद करझाई तिथेच होते; ते किरकोळ जखमी झाले. नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत कारण आले ते असे. जागा दाखवणाऱ्या उपकरणाची बॅटरी बदलली, आणि बदलल्यावर ते लक्ष्याची नव्हे, तर स्वतःचीच जागा दाखवू लागले. आकडे नीट वाचले गेले, नीट पोचले, विमानानेही नीट काम केले. फक्त ते आकडे कशाचे आहेत हे पुन्हा एकदा कोणी विचारले नाही.

सैन्याने या अनुभवांतून शब्द ठरवून टाकले आहेत. सांगितलेली खूण, म्हणजे पूल, देऊळ, वळण दिसले तर 'कॉन्टॅक्ट'. शत्रू दिसला तर 'टॅली'. आपली माणसे दिसली तर 'व्हिज्युअल'. आपल्या भाषेत या तिन्हींना आपण 'दिसले' म्हणतो. भाषेचा त्यात दोष नाही; घरात, शेतात, बाजारात तेवढ्याने भागते. पण जिथे एका शब्दावर जीव टांगला आहे, तिथे 'दिसले' म्हटल्यावर 'काय दिसले' हे विचारलेच पाहिजे.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेलो. या वेळी चपला घालून. मोहीम तीच, नदी तीच. 'दिसले' या शब्दाला बंदी. टेहळ्याने "पूल दिसला का?" असे न विचारता "पुलाजवळ तुला काय काय दिसतंय ते सांग," असे विचारले. वैमानिकाने आधी आपल्या गाड्या ओळखून सांगितल्या, मगच शत्रूच्या. मोकळीक मिळाली, विमान झेपावले, आणि ऐन वेळी नाशिकचा मुलगा ओरडला, "अॅबॉर्ट! अॅबॉर्ट!" म्हणजे थांबा, मारा रद्द. हा शब्द कोणीही उच्चारू शकतो, अगदी सर्वांत नवखाही, आणि तो ऐकताच थांबावे लागते. कारण नंतर विचारायचे. विमान तोफ न चालवता वर गेले. चौकशी केली तेव्हा कळले, मुलाची शंका चुकीची होती. लक्ष्य बरोबरच होते.

मला वाटले, आता त्याला बोलणी बसणार. पण कोल्हापूरचा वैमानिक, मागच्या वेळी चुकलेला तोच, म्हणाला, "बरं केलंस. पाच मिनिटं गेली तर गेली. पुन्हा फेरी मारू." आणि दुसऱ्या फेरीत काम फत्ते झाले.

युद्धाचा खेळ करावा की नाही, याविषयी माझ्या मनात शंका आहे. ती मी त्या मुलांनाही बोलून दाखवली. लढाईतले दुःख पडद्यावर दिसत नाही, आणि बटण दाबण्याची गंमत मात्र दिसते. पण मी पाहिले ते असे की, त्या दोन रात्रींत तोफ चालली मोजकी काही सेकंद, आणि बाकीचे तास गेले एकमेकांचे नीट ऐकण्यात.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. वर्गात आपण "समजलं का?" असे विचारतो, आणि चाळीस मुले एका सुरात "हो" म्हणतात. ते 'हो' म्हणजे त्या वैमानिकाचे 'दिसल्या, दिसल्या' आहे. त्यावर मोकळीक देऊ नका. "काय समजलं ते तुझ्या शब्दांत सांग," असे म्हणा. आणि एखाद्या भित्र्या मुलाने उठून "गुरुजी, फळ्यावर चुकलंय," असे म्हटले, आणि त्याचेच चुकलेले निघाले, तरी त्याला "बरं केलंस" म्हणा. आज त्याचे तोंड बंद केले, तर ज्या दिवशी त्याची शंका खरी असेल त्या दिवशीही तो गप्प बसेल.

शेतकरी बंधूंनाही हे लागू आहे. फवारणीच्या औषधाचे प्रमाण दुकानदार तोंडी सांगतो, तेव्हा मान डोलावून निघू नका. किती पाण्यात किती, ते उलट म्हणून दाखवा. दवाखान्यात गोळ्यांच्या वेळा सांगितल्या तर त्याही उलट म्हणून दाखवा. यात कमीपणा कसला? सेकंदाला दीडशे मीटर उडणारा वैमानिक ते करतो; आपण तर पायी चालणारी माणसे.