आतड्यातील जिवाणू आणि चिडलेले आतडे

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्यावर काहीतरी बोला, असे कार्यकर्त्यांनी सांगितले, तेव्हा मी मधुमेह किंवा रक्तदाब निवडीन असे त्यांना वाटले असावे. मी मुद्दाम पोटाचा विषय घेतला आहे. पोट बिघडल्याचे आपण चारचौघांत सांगत नाही, आणि जो सांगतो त्याची थट्टा होते. या न बोलण्याचा सर्वांत जास्त त्रास तुमच्या वयाच्या मुलामुलींना होतो.

माझ्या वर्गात एक हुशार मुलगा होता, पहिल्या बाकावर बसणारा. बारावीच्या वर्षी तो दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसू लागला. अभ्यासावरून लक्ष उडाले, असे मी समजलो. पुढे कळले की, पोटात कळ येऊन त्याला दिवसातून चार-पाच वेळा संडासला धावावे लागे, म्हणून दार जवळ हवे. तपासण्या झाल्या, सर्व नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, परीक्षेची भीती आहे, मनावर घेऊ नको. घरच्यांनी त्याचा अर्थ अभ्यास टाळण्याचे निमित्त असा लावला. बोर्डाच्या एका पेपराला तो मध्येच उठला तो परत आलाच नाही. हे सुरू कधी झाले, असे मी फार उशिरा विचारले. तो म्हणाला, "सर, आमच्या गल्लीत गॅस्ट्रोची साथ आली होती ना, तेव्हापासून." या एका वाक्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. मीसुद्धा नाही.

या विकाराला इंग्रजीत इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात, आपण चिडलेले आतडे म्हणू. जुनी माणसे संग्रहणी म्हणून मोकळी होतात, पण त्या नावाखाली अनेक निरनिराळे विकार येतात. डॉक्टर मंडळी जी व्याख्या वापरतात ती २०१६ सालची. लक्षणे सुरू होऊन किमान सहा महिने झालेले असावेत, गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखलेले असावे, आणि ते दुखणे शौचाशी निगडित असणे, त्याबरोबर शौचाच्या वेळा बदलणे, शौचाचे स्वरूप बदलणे, यांपैकी किमान दोन गोष्टी असाव्यात. कोणाला जुलाब, कोणाला बद्धकोष्ठ, कोणाला आलटून पालटून दोन्ही. दुर्बिणीतून पाहिले तर आतड्याला जखम नाही, सूज नाही. म्हणूनच 'काही झालेले नाही' असे सांगण्याचा मोह होतो.

त्या मुलाच्या वाक्यात तथ्य होते हे आपल्याला कॅनडातील एका गावाने दाखवले. ओंटारिओ प्रांतातील वॉकर्टन हे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव. मे २००० मध्ये तेथे मुसळधार पाऊस झाला आणि जवळच्या शेतातील शेणखत झिरपून गावच्या एका उथळ विहिरीत उतरले. पाण्यात क्लोरीन पुरेसे पडत नव्हते, आणि कर्मचारी नोंदवहीत खोटे आकडे लिहीत होते. घातक जातीचा ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू नळांतून घरोघर गेले. सुमारे २३०० माणसे आजारी पडली, सात दगावली. न्यायमूर्ती डेनिस ओ'कॉनर यांच्या चौकशीत सगळे बाहेर आले. (आपल्याकडे ग्रामपंचायतीचा कर्मचारी टाकीत टीसीएल पावडर टाकतो, ते काम किती मोलाचे आहे हे यावरून कळावे. त्याला कोणी साधा नमस्कारही करत नाही.)

साथ ओसरली म्हणून डॉक्टर थांबले नाहीत. त्यांनी गावकऱ्यांचा पाठपुरावा केला. दोनेक वर्षांनी पाहिले, तर ज्यांना जुलाब झालेच नव्हते त्यांच्यापैकी सुमारे १० टक्के लोकांत चिडलेल्या आतड्याची लक्षणे होती. ज्यांना साथीत खात्रीने आजार झाला होता त्यांच्यात ३६ टक्के. आठ वर्षांनंतरही फरक होता, ५ टक्के आणि १५ टक्के. मित्रहो, अख्ख्या गावाला एकाच आठवड्यात परीक्षेची भीती वाटत नाही!

मग जंतू निघून गेल्यावर मागे काय राहते? आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, जवळजवळ सर्व मोठ्या आतड्यात. त्यांचे एकत्र वजन सुमारे २०० ग्रॅम. शरीराच्या पेशींच्या दसपट जिवाणू असतात असे जुन्या पुस्तकांत छापलेले असते, ते २०१६ नंतर मागे पडले, संख्या जवळपास सारखीच आहे. आपण न पचवलेला भाग ते आंबवतात, काही जीवनसत्त्वे तयार करतात, आणि परक्या जंतूंना जागा मिळू देत नाहीत. जोराच्या जुलाबात ही वस्ती उधळते. काहींची ती पूर्ववत बसत नाही. दुसरे म्हणजे, आतड्याच्या अस्तरातील संरक्षक पेशी साथ संपल्यावरही सावधच राहतात. बेल्जियममधील ल्युव्हेन येथील संशोधकांनी २०२१ मध्ये उंदरांवर दाखवले की, जंतुसंसर्गाच्या काळात पोटात असलेले अन्नच शरीर शत्रू म्हणून लक्षात ठेवते. पुढे तेच अन्न आले की आतड्यातील मास्ट पेशी मज्जातंतूंना डिवचणारी द्रव्ये सोडतात आणि कळ येते. नंतर त्यांनी १२ रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरात अन्नाचे अंश टोचून पाहिले. बाराही जणांत, फक्त त्या जागी, प्रतिक्रिया उठली. रक्ताच्या तपासणीत हे दिसत नाही.

मनाचा संबंध नाही असे मी म्हणत नाही. वॉकर्टनमध्येही ज्यांना आधीपासून चिंता वा नैराश्य होते त्यांना धोका जास्त होता. आतडे आणि मेंदू मज्जातंतूंनी जोडलेले आहेत, निरोप दोन्हीकडून जातात. पण 'मनाचाही वाटा आहे' आणि 'नाटक करतो' यांत फार अंतर आहे.

आता उपायांबद्दल. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने २००५ च्या सुमारास एक आहारपद्धती मांडली. कांदा, लसूण, गहू, राजमा, हरभरा, दूध, आंबा यांतील काही शर्करा लहान आतड्यात शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढतात आणि पुढे जिवाणू त्यांचा वायू करतात. वायू सर्वांनाच होतो, चिडलेल्या आतड्याला तो दुखतो. हे पदार्थ काही आठवडे बंद करून एकेक परत सुरू करायचे आणि आपल्याला कोणता बाधतो ते शोधायचे. कायमचे सोडायचे नाहीत, कारण उपयोगी जिवाणूही त्यांच्यावरच जगतात. भात चालतो. इसबगोलचाही अनेकांना उपयोग होतो.

रिफॅक्सिमिन या प्रतिजैविकाच्या २०११ सालच्या चाचण्यांत १०० पैकी ४१ जणांना आराम पडला, आणि नुसती खोटी गोळी घेतलेल्या ३२ जणांनाही पडला! म्हणजे फायदा आहे, पण बेताचा. तेव्हा मेडिकलच्या दुकानातून स्वतःच्या मनाने जुलाबाच्या गोळ्या घेऊ नका. चुकीचे प्रतिजैविक उरलीसुरली वस्तीही उधळते. जिवाणूंच्या महागड्या पुड्या विकल्या जातात, त्यांचा पुरावा अजून कच्चा आहे. ताक घरचे आहे, सोसत असेल तर प्या.

एक गोष्ट मात्र लिहून घ्या. शौचावाटे रक्त, वजन घटणे, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, यांपैकी काही असेल तर ते चिडलेले आतडे समजू नका. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग अजून आहे. ताबडतोब तपासून घ्या. आणि डॉक्टरांकडे गेलात की, त्यांनी विचारो न विचारो, आधी गॅस्ट्रो झाला होता का, तो केव्हा, हे सांगा.

प्रश्नांसाठी दहा मिनिटे ठेवली आहेत. ज्यांना सर्वांसमोर विचारायचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी मी कार्यक्रमानंतर बाहेरच्या व्हरांड्यात थांबणार आहे. शेवटची बस साडेआठची आहे, तोपर्यंत घाई नाही.