बोटीतून गेलेली जात



मी गोदीतला माणूस. मॅट्रिक झालो आणि पाठीवर पोती आली. तेव्हा मॉरिशसची गोष्ट मी निळ्या समुद्राच्या रंगीत चित्रापासून नाही, पोर्ट लुईच्या धक्क्यापासून सांगणार.

या बेटावर मूळचं कुणीच नव्हतं. 'आम्ही पहिले' म्हणायची सोय कुणालाच नाही. १६३८ साली डचांनी वस्ती केली, १७१० साली सोडली. १७१५ साली फ्रेंच आले, त्यांनी मादागास्कर, मोझांबिकहून माणसं विकत आणली. १८१० साली बेट इंग्रजांच्या हातात गेलं. १८३५ साली गुलामगिरी उठली. भरपाई कुणाला? मालकांना! वीस लाख पौंडांवर. गुलामांना छदामही नाही.

मग ऊस कापायचा कुणी? १८३४ पासून सुमारे साडेचार लाख गिरमिटिये तिथं उतरले. भोजपुरी, तमिळ, तेलुगू बोलणारे. मुंबई बंदरातून गेलेले मराठीसुद्धा. प्रत्येकाला नंबर मिळाला. आणि रजिस्टरात नंबरासोबत काय लिहिलं? जात!

काळं पाणी ओलांडलं की जात जाते, असं भटजी सांगायचे. साफ खोटं. जात बुडाली नाही, बोटीत बसून गेली. आजही तिथल्या राजकारणात वैश, राजपूत, रविवेद अशी मोजदाद चालते. हिंदू जिथं जाईल तिथं जातीचा प्रश्न नेईल, हा धोका बाबासाहेबांनी १९१६ सालीच न्यूयॉर्कमध्ये मांडला होता. माझ्या टोळीचा मुकादम आधी आडनाव विचारतो, मग पाठ बघतो. त्याला न्यूयॉर्क कशाला दाखवायचं?

आणि गुलामांची लेकरं, क्रिओल? घटनेनं हिंदू, मुसलमान, चिनी यांना नावं दिली. उरलेले सगळे 'जनरल पॉप्युलेशन'. मळेवाल्या गोऱ्याचा नातू आणि त्याच्या गुलामाचा नातू एकाच खणात! १९९९ साली काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला, तेव्हा बेट पेटलं.

दिएगो गार्सियाच्या लष्करी तळासाठी १९६८ ते १९७३ दरम्यान चागोसच्या माणसांना घरं सोडायला लावली. १९७३ साली आलेल्या एका बोटीतली माणसं पोर्ट लुईला उतरायलाच तयार नव्हती. आज त्यांची वस्ती इंग्लंडातल्या क्रॉलीतही आहे.

बेटावर बहुतेकांच्या तोंडी क्रिओल भाषा. भाषा एक झाली, घाम एकाच उसात जिरला, तरी रांगा वेगळ्या. म्हणून सांगतो, तिथला मराठी दिसला की 'आपला माणूस' म्हणून गळ्यात पडा, खुशाल पडा. पण त्याच्या शेजारच्या क्रिओलला ओलांडून जाऊ नका. आपलं नातं रजिस्टरात लिहिलेल्या जातीशी नाही, त्या नंबराशी आहे.