परगावी गेलेल्या माणसाचे मत

श्रोतेहो, आज दोन विषय एकाच गाठोड्यात बांधून आपल्यापुढे आणले आहेत. एक वाहतुकीचा, म्हणजे रेल्वे, एस. टी. आणि भाड्याचा. दुसरा मताच्या हक्काचा, आणि तोही मतदानाच्या दिवशी गावात नसलेल्या माणसाच्या मताचा. दिल्लीला संसदेत हे दोन विषय निरनिराळ्या दिवशी निघतात. पहिल्याला रेल्वेमंत्री उत्तर देतात, दुसऱ्याला कायदामंत्री. त्या चर्चा वाचताना एकाचा दुसऱ्याशी काही संबंध असेल असे वाटत नाही. पण वरोऱ्याच्या फलाटावर उभे राहून पाहिले तर हे दोन्ही एकच आहेत असे दिसते. कसे ते पाहू.

आधी लांबच्या माणसापासून सुरुवात करू. समजा, वरोरा तालुक्यातल्या एका गावचा मुलगा दुबईला नोकरीला गेला. तो भारताचा नागरिक आहे, पासपोर्ट इथला आहे, घर इथे आहे. त्याला मत आहे का? २०११ सालापर्यंत याचे उत्तर सरळ नव्हते. मतदार यादीत नाव राहायचे तर माणूस त्या गावचा ‘सामान्यतः रहिवासी’ असावा लागतो, आणि वर्षानुवर्षे परदेशी राहणारा त्यात बसेना. मग संसदेने २०१० मध्ये कायदा दुरुस्त केला आणि फेब्रुवारी २०११ पासून अशा नागरिकाला आपल्या पासपोर्टावरच्या पत्त्याच्या गावी नाव नोंदवता येऊ लागले. त्यासाठी नमुना ६-अ हा अर्ज आहे.

हक्क मिळाला, पण त्याला एक अट चिकटली. मत द्यायचे तर त्या माणसाने मूळ पासपोर्ट घेऊन आपल्या गावच्या केंद्रावर स्वतः हजर व्हायचे. म्हणजे दुबईहून विमानाने नागपूर, नागपूरहून वरोरा, वरोऱ्याहून गाव. बोटाला शाई लावून घ्यायची आणि पुन्हा उलट प्रवास. आता आकडे ऐका. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी देशभर १,१९,३७४ परदेशस्थ मतदारांची नावे यादीत होती. प्रत्यक्ष येऊन मत दिले २,९५८ जणांनी. त्यांतले २,६७० एकट्या केरळचे. आपल्या महाराष्ट्रात अशी ५,०९७ नावे होती आणि मते पडली सतरा. सतराशे नव्हे बरं का, सतरा. आणि परदेशी राहणारे भारतीय नागरिक तर एक कोटीहून अधिक आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी नावसुद्धा नोंदवलेले नाही.

ही गोष्ट संसदेच्या लक्षात आली नाही असे नाही. डिसेंबर २०१७ मध्ये लोकसभेत एक विधेयक मांडले गेले. परदेशातल्या मतदाराने गावच्या एखाद्या माणसाला आपल्या वतीने मत द्यायला नेमावे, अशी त्यात योजना होती. यालाच प्रॉक्सी मतदान म्हणतात. ९ ऑगस्ट २०१८ रोजी लोकसभेने ते मंजूर केले. नेमलेला माणूस सांगितल्याप्रमाणेच मत देईल याची हमी काय, असे काही सदस्यांनी विचारले. देशातल्या देशात पोटासाठी फिरणाऱ्या मजुराचे काय, हाही प्रश्न निघाला. राज्यसभेत ते विधेयक मंजूर व्हायच्या आत २०१९ ची निवडणूक आली, लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बुडाले.

प्रॉक्सीची ही सोय आपल्या सैनिकांना २००३ पासून आहे, आणि त्यांच्या बाबतीत ती समजण्यासारखी आहे. पण सरसकट सर्वांना ती द्यावी असे मला वाटत नाही. मत गुप्त आहे, म्हणूनच ते गरिबाचे स्वतःचे आहे. आमच्या खेड्यांत घरचा कर्ता, सावकार किंवा मुकादम ‘तुझं मत मी टाकून देतो, तू कशाला येतोस’ असे म्हणायला किती वेळ लागेल? परगावी गेलेल्या सुनेचे मत सासऱ्याच्या हातात द्यायचे असेल, तर त्यापेक्षा ते न पडलेले बरे, असे म्हणायची पाळी येईल.

दुसऱ्या देशांनी काय केले तेही पाहा. फिलिपाइन्स देशाचे लाखो लोक परदेशी राबतात. तिथे २००३ साली कायदा झाला आणि वकिलातींमधून मत घेण्याची व्यवस्था झाली. फ्रान्सने तर २०१२ पासून परदेशी राहणाऱ्या नागरिकांसाठी आपल्या लोकसभेत अकरा जागाच ठेवल्या. आपल्या निवडणूक आयोगानेही २०२० मध्ये सरकारला सुचवले होते, की सैनिकांना जशी टपाली मतपत्रिका तारेवरून पाठवता येते तशी परदेशस्थांनाही पाठवावी. २०२४ पर्यंत तरी ते घडले नाही.

दुबईचे झाले. आता जवळचे बघू. वरोऱ्याला रूळ आले ते माणसांसाठी नव्हेत, कोळशासाठी. १८७० नंतरच्या दशकात वर्ध्याहून ही फाटा-लाइन इथल्या खाणीपर्यंत आणली गेली. खाण १९०६ मध्ये बंद पडली, रूळ मात्र राहिले. पुढे १९२९ च्या सुमारास बल्लारशा ते काझीपेट हा दुवा जुळला आणि वरोरा दिल्लीहून मद्रासला जाणाऱ्या थेट मार्गावर आले. याच रुळांनी दक्षिणेला निघाले की बल्लारशा, काझीपेट, वरंगळ करीत सुमारे चारशे किलोमीटरवर खम्मम लागते. खम्मम म्हणजे मिरचीचा मुलूख. आपल्या जिल्ह्याच्या धानपट्ट्यातून, म्हणजे मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडून, आणि पलीकडे गडचिरोलीतून दरसाल माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात. धान निघाले की गावात काम उरत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत बिऱ्हाड उचलायचे, लेकरे बरोबर घ्यायची आणि निघायचे. कोणी रेल्वेने, पुष्कळसे ठेकेदाराच्या गाडीत दाटीवाटीने. परत येणे एप्रिलपर्यंत लांबते. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या तेव्हा यांतली कितीतरी माणसे जंगलवाटेने पायी परतली, हे या भागात कोणी विसरलेले नाही.

आणि २०२४ साली चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर या दोन्ही मतदारसंघांत मतदान कधी झाले? १९ एप्रिलला.

या मजुराची कायद्याने काय स्थिती आहे? १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमात एक चांगले कलम आहे, विसावे. माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचे राहते घर बदलत नाही, असे ते म्हणते. तेव्हा मिरचीला गेलेल्या बाईचे नाव तिच्या गावच्या यादीतच राहिले पाहिजे. पुण्याला कंपनीत कायमचा लागलेला मुलगा नमुना ८ भरून आपले नाव पुण्याला नेऊ शकतो आणि त्याने न्यावेही. पण तीन महिन्यांसाठी खम्ममला गेलेल्या बाईने तिथे नाव नेण्यात अर्थ नाही. तिची शाळा, तिचे रेशन, तिचा ग्रामसेवक, सगळे इकडे आहे. म्हणजे दुबईच्या मुलासारखीच हिचीही गत: नाव यादीत, आणि मत देण्यासाठी स्वतः हजर राहण्याची अट.

मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुटी द्यावी, रोजंदारीच्या माणसालाही द्यावी, असा १९५१ च्या कायद्यात नियम आहे. न देणाऱ्या मालकाला दंड किती? पाचशे रुपयांपर्यंत. शिवाय, माणूस कामावर नसल्याने मोठे नुकसान होणार असेल तर ही सुटी बंधनकारक नाही. मिरची झाडावर लाल होऊन राहिली की नुकसान होतेच. आणि सुटी मिळाली तरी ती एक दिवसाची. आठशे किलोमीटरचे जाणे-येणे एका दिवसात कसे करावे, हे कायद्याने सांगितलेले नाही.

भाड्याचेही तसेच. १७ मार्च २०२३ पासून आपल्या एस. टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले. उत्तम झाले. पण ती सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. पलीकडे तेलंगणाने डिसेंबर २०२३ पासून बायकांना बसप्रवास फुकट केला. तो तिथल्या रहिवासी बायकांना. मूलची मजूरबाई ना इकडची ना तिकडची; हद्द ओलांडली की तिला पूर्ण भाडे. दोन्ही सरकारांचा हेतू चांगलाच होता, फक्त या बाईचा रस्ता दोघांच्या नकाशांच्या मधून गेला.

मग उमेदवाराने गाडी करून माणसे आणावीत का? मुळीच नाही. मतदारांना केंद्रावर फुकट नेण्या-आणण्यासाठी उमेदवाराने वाहन भाड्याने घेणे हे कायद्याच्या भाषेत भ्रष्ट आचरण आहे. त्यावर निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकते. हा नियम योग्यच आहे, नाहीतर ज्याच्या जीपा जास्त त्याची मते जास्त. त्याच कलमात एक गमतीची सवलत आहे. मतदारांनी आपसांत वर्गणी काढून वाहन ठरवले तर चालेल, मात्र ते वाहन यंत्राने चालणारे नसावे. म्हणजे चार घरांनी मिळून बैलगाडी केली तर ठीक! आणि स्वतःच्या पैशाने तिकीट काढून बसने, रेल्वेने आले तरी ठीक. १९५१ साली कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गावातल्या गावात पाड्यावरून शाळेपर्यंत येणारा मतदार होता. बैलगाडीने खम्ममहून कोणी येईल अशी त्यांची कल्पना नव्हती, आणि त्यांना दोषही देता येत नाही.

उलट, त्या लोकांची कल्पनाशक्ती थोडकी नव्हती, हे वरोऱ्याच्या माणसाने तरी म्हणावे. आपल्या शेजारी आनंदवन आहे. १९४९ साली बाबा आमट्यांनी ते कुष्ठरोग्यांसाठी उभे केले. मतदाराच्या डाव्या तर्जनीला शाई लावतात. पण ज्याची बोटे रोगाने गेली त्याने काय करावे? १९६१ च्या निवडणूक नियमांत याचे उत्तर आहे. डावी तर्जनी नसेल तर डाव्या हाताचे दुसरे बोट. तीही नसतील तर उजव्या हाताचे. आणि दोन्ही हातांना एकही बोट नसेल तर हाताचा जो भाग उरला असेल त्याच्या टोकाला शाई लावावी. किती बारकाईने विचार केला आहे पाहा! कोणाचेही मत राहू नये म्हणून नियमच त्या माणसापर्यंत चालत आला.

गडचिरोलीत तर केंद्र माणसापर्यंत उडत जाते. दुर्गम भागात मतदान पथके हेलिकॉप्टरने उतरवतात, आणि २०२४ मध्ये तिथल्या मतदारसंघात सुमारे ७२ टक्के मतदान झाले. राज्यात सर्वांत जास्त. पंचाऐंशी वर्षांवरील म्हाताऱ्यांचे मत त्याच निवडणुकीत घरी जाऊन घेतले गेले. तेव्हा मताने माणसाकडे जावे, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. फक्त मजुराकडे ते अजून गेलेले नाही.

प्रयत्न एक झाला. निवडणूक आयोगाने एक यंत्र तयार करवले. परगावी बसवलेल्या एकाच यंत्रावर बहात्तर मतदारसंघांची मते घेता यावीत असे. १६ जानेवारी २०२३ रोजी राजकीय पक्षांना ते दाखवण्यासाठी बोलावले. विरोधी पक्षांनी हरकती घेतल्या, आणि सगळ्याच हरकती पोकळ नव्हत्या. खम्ममच्या केंद्रावर चंद्रपूरच्या लहान पक्षाचा किंवा अपक्षाचा प्रतिनिधी कोण बसवणार? ‘स्थलांतरित’ कोणाला म्हणायचे, आणि त्यांची यादी कोण करणार? ते यंत्र २०२४ च्या निवडणुकीत आले नाही.

या शेवटच्या प्रश्नापाशी, शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मी थांबलो आणि मला तुमची आठवण झाली. गाव सोडून कोण गेले हे सर्वांच्या आधी कोणाला कळते? तलाठ्याला नाही, पोलिसपाटलाला नाही. शाळेत हजेरी घेताना तिसरीतली दोन मुले आठवडाभर दिसत नाहीत, तेव्हा गुरुजींना कळते. पुष्कळ ठिकाणी मतदार यादीचे घरोघर काम करणारे केंद्रस्तरीय अधिकारीही तुम्हीच असता. दाराला कुलूप दिसले की ‘स्थलांतरित’ असा शेरा मारणे सोपे असते. २०२५ साली बिहारमध्ये यादीची फेरतपासणी झाली तेव्हा मसुदा यादीतून सुमारे पासष्ट लाख नावे बाहेर राहिली. त्यांत मयत होते, दुबार होते, आणि ‘कायमचे गेलेले’ म्हणून नोंदलेलेही लाखो होते. कुलूप मिरचीचे आहे की कायमचे, हे शेजारी विचारल्यावर दोन मिनिटांत कळते. विसावे कलम कुलूपवाल्याच्या बाजूने आहे, हे लक्षात असू द्या.

खासदारांकडे लोक गाडीला थांबा मागतात, आणि मागावाच. लोकसभेत रेल्वेच्या मागण्यांवर बोलताना बहुतेक सदस्य आपापल्या स्टेशनांची नावे घेतात. आपल्याही लोकांनी थांब्याबरोबर आणखी एक मागणी करायला हरकत नाही: हंगाम आणि मतदान एकत्र आले, तर त्या दोन-तीन दिवसांत काझीपेट ते बल्लारशा जनरल डब्यांची जादा गाडी, आणि ओळखपत्र दाखवील त्याला सवलतीचे तिकीट. ती गाडी सरकारची असेल, उमेदवाराची नाही. त्यामुळे भ्रष्ट आचरणाचा प्रश्न येत नाही. आयोग तारखा ठरवताना परीक्षा, सण, पीककाढणी हे पाहतो. त्यात गावाबाहेरच्या कामाचा हंगामही पाहावा, असे ग्रामसभेने ठराव करून कळवावे. यंत्रे येतील तेव्हा येतील. तारीख आणि गाडी यांना नवे यंत्र लागत नाही.

निवडणुकीच्या कामावर दुसऱ्या गावी जाणाऱ्या शिक्षकांनी आपल्या टपाली मताचा अर्ज वेळेत द्यावा. दुसऱ्यांची मते घेताना स्वतःचे राहून जाते असे पुष्कळदा होते. यादीत नाव आहे की नाही, हे १९५० या क्रमांकावर दूरध्वनी करून विचारता येते. मिरचीची माणसे जानेवारीत निघतात, तेव्हा ही विचारपूस धानाची मळणी चालू असतानाच करून घ्यावी.